नारायण पेठेत ट्रिक्सी उशिरा येते

घरचा सर्व्हर म्हणजे काय, याची सगळ्यात नेमकी व्याख्या आमच्या इमारतीत मामींनी केली आहे. "चालू असला की कुणाला पत्ता नसतो, आणि बंद पडला की सगळे मला विचारतात." मामी ज्याच्याबद्दल हे बोलतात तो काळा डबा मोदी गणपतीपासून हाकेच्या अंतरावर, पहिल्या मजल्यावरच्या घरात, पूर्वी रेडिओ असायचा त्या फळीवर बसलेला आहे. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेला डेस्कटॉप, तपकीर गल्लीतून घासाघीस करून आणलेली रॅम, दोन हार्ड डिस्क आणि वर क्रोशाचा रुमाल. रुमालाने हवा अडते असं भाच्याचं म्हणणं, उघड्या वस्तूवर धूळ बसते असं मामींचं. तडजोड म्हणून रुमाल मागच्या बाजूने चार बोटं दुमडून ठेवलेला आहे. या घरात झालेली ही शेवटची तडजोड.

डब्यात नातवंडांचे फोटो आहेत, घराचे स्कॅन केलेले कागद आहेत, मामांनी स्वतः कॅसेटवरून उतरवून घेतलेलं नाट्यसंगीत आहे, आणि घरातल्या सगळ्या फोनांवरच्या जाहिराती परस्पर अडवणारी एक व्यवस्था आहे. एवढा ऐवज सांभाळायचा तर खाली कुठली ऑपरेटिंग सिस्टिम असावी, यावर मामा आणि भाचा यांचं गेली काही वर्षं जमलेलं नाही. लिनक्स असावं यावर एकमत, त्यातही डेबियन असावं यावरही एकमत. एवढं एकमत झाल्यावर पुढे भांडायला मुळात काही उरू नये. पण डेबियनवाल्यांनी पेठेची सोय आधीच करून ठेवली आहे. ते एकाच वेळी तीन डेबियन चालवतात: स्टेबल, टेस्टिंग आणि अनस्टेबल.

मामांना सगळी इमारत मामाच म्हणते. ते एका बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झाले. रोज रात्री सगळ्या शाखांचा हिशेब जुळून ‘दिवस बंद’ झाल्याशिवाय घरी जायचं नाही, अशी तीस-बत्तीस वर्षांची सवय. ते सांगतात, त्यांच्या वेळी आवृत्ती बदलायची तर मुंबईहून माणूस यायचा, आणि तो आला की घरून रात्रीचाही डबा मागवावा लागायचा. त्यामुळे ‘नवी आवृत्ती’ हे शब्द ऐकले की त्यांना अजून गार उसळ आठवते.

भाचा कोथरूडचा. नोकरी हिंजवडीत, मन अनस्टेबलमध्ये. सकाळी उठल्यावर दात घासायच्या आधी तो लॅपटॉप अपडेट करतो. काल रात्री झोपताना जे होतं ते सकाळीही तसंच असलं, तर त्याला दिवस वाया गेल्यासारखं वाटतं.

ज्यांच्या घरी असा डबा अजून शिरलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती. डेबियन १९९३ साली इयन मर्डॉक नावाच्या तरुणाने सुरू केलं. तेव्हाच्या मैत्रिणीचं डेब्रा आणि स्वतःचं इयन अशी नावं त्याने जोडली. लग्नाआधी झालेल्या संयुक्त नामकरणाचं इतकं टिकलेलं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. पुढे या कामात ब्रूस पेरेन्स आले. ते तेव्हा पिक्सारमध्ये होते, म्हणून आवृत्त्यांना ‘टॉय स्टोरी’तल्या खेळण्यांची नावं पडत गेली: बझ, रेक्स, पोटॅटो, वूडी. अनस्टेबलचं नाव मात्र कायमचं सिड. सिड म्हणजे त्या चित्रपटातला खेळणी मोडणारा शेजारचा पोरगा. आता गंमत बघा. जे दोन-दोन वर्षं जागचं हलत नाही त्या स्टेबलचं नाव दर खेपेला नवं, आणि ज्यात रोज काहीतरी हलतं त्या सिडचं नाव मात्र जन्मभर तेच.

नवं काही आलं की ते आधी सिडमध्ये येतं. तिथे दोन, पाच किंवा दहा दिवस काढले आणि कुणी मोठी बोंब मारली नाही, तर टेस्टिंगमध्ये सरकतं. सुमारे दोन वर्षांनी टेस्टिंग गोठवतात, महिनोन् महिने चुका वेचत बसतात, आणि एक दिवस तेच ‘स्टेबल’ म्हणून बाहेर काढतात. त्यानंतर त्यात नवं काही घालत नाहीत. सुरक्षेची भोकं आणि गंभीर चुका तेवढ्या बुजवतात, त्याही जुन्याच आवृत्तीला ठिगळ लावून. असं तीन वर्षं, आणि पुढे आणखी दोन वर्षं वेगळी मंडळी सांभाळतात. मामांना ही रचना पहिल्यांदा कळली तेव्हा ते म्हणाले होते, "म्हणजे परदेशातही शिस्तीची माणसं आहेत तर."

मामांनी डेबियन बसवलं तेही मराठीतून. चित्रमय इन्स्टॉलरमध्ये भाषांच्या यादीत मराठी आहे. मामांनी प्रत्येक पडद्यावरचे ऱ्हस्व-दीर्घ तपासले आणि शेवटी "ठीक आहे" म्हणाले. पेठेत यापेक्षा मोठं मानपत्र देत नाहीत.

भाच्याचा मुद्दा असा की दोन वर्षं जुनी सामग्री वापरायची कशाला? "मामा, तू जी आवृत्ती वापरतोयस ना, ती लिहिणारासुद्धा आता वापरत नाही." मामा म्हणतात, "म्हणूनच तो आता तिच्यात काही बिघडवायला येणार नाही." यावर भाच्याकडे उत्तर नसतं. पण पुण्यात उत्तर नसणं म्हणजे वाद संपणं नव्हे.

खरं तर एका गावात दोन वेळापत्रकं चालवण्याची आमच्या भागाला सवय आहे. केसरीवाडा इथून चालत पाच मिनिटं. लोकमान्यांनी पुरस्कारलेलं टिळक पंचांग राशिचक्राचा आरंभ रेवती नक्षत्रातल्या ताऱ्यापासून धरतं. दाते पंचांग चित्रेवरून गणित करतं. दोहोंत अंतर सुमारे चार अंशांचं, म्हणून टिळक पंचांगवाल्यांची संक्रांत दहा जानेवारीच्या सुमारास आणि बाकीच्यांची चौदाला. अधिक महिना वेगळा पडला तर एका घरात गणपती येऊन जातात, आणि दुसऱ्या घरात अजून मखराच्या पुठ्ठ्याची चर्चा चालू असते. दोन्हीकडचं गणित पक्कं, दोन्हीकडचे मोदक उत्तम. पण तिळगूळ आधी कोणी वाटायचा हे ठरवायला म्हणून एका पंचांगातून दुसऱ्यात गेलेलं घर मी पाहिलेलं नाही. मामा आणि भाचा यांच्यात हेच चाललं आहे, फक्त तारा वेगळा.

मग २०२४ साल उजाडलं आणि दोघांनाही आयुष्यभर पुरेल असा दारूगोळा मिळाला.

फायली दाबून लहान करणारा एक्सझेड नावाचा छोटा प्रोग्राम आहे. इतका साधा, की तो आपल्याकडे आहे हेही बहुतेकांना माहीत नसतं. त्याची देखभाल एक थकलेला माणूस एकटा करत होता. जिया टॅन या नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोन-अडीच वर्षं इमानेइतबारे कामं केली, विश्वास मिळवला, आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत एक चोरदरवाजा बसवला. किल्लीवाल्याला जगभरातल्या लाखो सर्व्हरांत शिरता यावं असा. दोन वर्षं सालसपणे वागून मग घरात शिरणारा भाडेकरू ही कल्पना पेठेला नवी नाही, त्यामुळे मामांना हे प्रकरण समजावून सांगावंच लागलं नाही.

हे पकडलं कसं? आन्द्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेसवर काम करणारा इंजिनिअर वेगळ्याच चाचण्या घेत होता. त्याला दिसलं की दुसऱ्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! अलका चौकात सिग्नल हिरवा झाल्यावर मागचा माणूस हॉर्न वाजवायला जेवढा वेळ घेतो त्यापेक्षाही हा जास्त नव्हे. एवढ्यावरून तो माग काढत गेला आणि २९ मार्च २०२४ ला, गुड फ्रायडेच्या दिवशी, त्याने सगळं जाहीर केलं.

बातमी आली तेव्हा भाचा मामांकडेच जेवायला होता. मामांनी ती फोनवर वाचली, आमटी खाली ठेवली, उठून डब्यासमोर बसले आणि आवृत्ती तपासली. जुनी. इतकी जुनी की तिच्यापर्यंत पोचायला चोराला आणखी वर्ष-दीड वर्ष लागलं असतं. सिडमध्ये आणि टेस्टिंगमध्ये तो आला होता, स्टेबलमध्ये नाही. मामा काही बोलले नाहीत. फक्त परत येऊन बसले आणि मामींना म्हणाले, "भात वाढ. आणि याला पण वाढ, याला आता लॅपटॉप पुन्हा बसवायचाय."

पण भाचाही पुण्याचाच. त्याने रात्री सगळं मूळ निवेदन वाचून काढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी, साडेसातला, फोन केला. "मामा, तो आन्द्रेस फ्रॉइंड कुठल्या यंत्रावर काम करत होता माहितेय? डेबियन सिडवर." म्हणजे सिड वापरणारा नसता तर ते विष मुरत-मुरत वर्ष-दीड वर्षांनी मामांच्या स्टेबलमध्ये आलं असतं, आणि तेही ‘पारखून घेतलेलं’ अशा शिक्क्यासह. "आम्ही पुढे चालून दगड खातो म्हणून तुमचा रस्ता साफ असतो," असं भाचा म्हणाला. याबाबतीत मी भाच्याच्या बाजूचा आहे. स्टेबलवाल्यांनी सिडवाल्यांना निदान दिवाळीचा फराळ तरी पाठवावा.

त्याच झटक्यात भाच्याने जुनं प्रकरणही उकरून काढलं. २००६ साली डेबियनच्याच एका बदलामुळे गुप्त किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएलमधली यदृच्छता जवळजवळ नाहीशी झाली. एकेका प्रकारच्या किल्लीला अगणित शक्यतांच्या ऐवजी जेमतेम ३२,७६७ उरल्या. हे उघडकीला आलं मे २००८ मध्ये. दरम्यान ‘एच’ ही स्टेबल आवृत्ती याच दोषासह बाहेर पडली आणि वर्षभर जगभर दिमाखाने चालली. "स्टेबल होतं ना? घोळसुद्धा स्टेबल." मामांनी फोन मामींकडे दिला.

मामींनी एकदा मधला मार्ग सुचवला होता. "अहो, ते टेस्टिंग का काय आहे ना, ते घ्या. तुमचंही नाही, त्याचंही नाही." दोघांनी इतक्या जोरात ‘नाही’ म्हटलं की मामींना पहिल्यांदाच वाटलं, हे दोघं एकाच घराण्यातले आहेत. कारणही पक्कं आहे. स्टेबलची डागडुजी करायला सुरक्षेची खास मंडळी आहेत. सिडमध्ये दुरुस्ती मुळातून थेट येऊन पडते. टेस्टिंगवाल्याने मात्र भोक दिसत असताना दुरुस्ती सिडमधून सरकून येईपर्यंत वाट बघायची. रोज बदलण्याचा मनस्तापही आहे आणि उशीरही. सर्व्हरला याहून वाईट निवड सापडणं कठीण. मामींचं मत असं की मधल्या माणसाचं घरात नेहमी असंच होतं.

मामांनी या सगळ्यावर अखेर लेखी उपाय केला. डब्यात बाहेरून शिरलं की पडद्यावर सुरुवातीला एक संदेश दिसतो, तो आपल्याला हवा तसा लिहिता येतो. मामांनी लिहिला:

हे यंत्र घरगुती आहे. प्रयोगशाळा नव्हे.
अपग्रेड करण्यापूर्वी विचारावे.
विचारण्यापूर्वी रिलीज नोट्स वाचाव्यात.
वाचल्या असल्यास विचारावेसे वाटणार नाही.

भाचा रोज हा संदेश वाचूनच आत शिरतो. शिरायला बंदी नाही.

आणि आत शिरून तो काय करतो, हे मामांना बरेच दिवस माहीत नव्हतं. खाली स्टेबल तसंच ठेवून त्याने वर डॉकर नावाची सोय बसवली, आणि तिच्यात रोज ताजे प्रोग्राम ओतायला सुरुवात केली. खोक्यात बंद असल्यामुळे ते खालच्या स्टेबलला हात लावत नाहीत. मामांचं तत्त्व शाबूत, भाच्याची हौस पुरी. आजकाल निम्म्या जगाचे घरगुती सर्व्हर असेच चालतात, आणि मला तर हाच खरा शहाणपणा वाटतो.

पण या खोक्यांतलं सगळ्यात लाडकं खोकं इमिच नावाच्या फोटो सांभाळणाऱ्या प्रोग्रामचं. मामींची सगळी नातवंडं त्यात. त्या इमिचनेच स्वतःच्या माहितीत कित्येक वर्षं ठळक इशारा देऊन ठेवला होता, की हा प्रोग्राम झपाट्याने बदलतो आहे, फोटो ठेवायची एकमेव जागा म्हणून याचा वापर करू नका. त्याची स्थिर म्हणवणारी २.० आवृत्ती आली ऑक्टोबर २०२५ मध्ये. म्हणजे पाया कातळाचा, भिंती पक्क्या, आणि दागिने ठेवले ते ‘अजून रंग ओला आहे’ अशी चिठ्ठी चिकटवलेल्या कपाटात. मामांना हे कळलं तेव्हा ते फार चिडले नाहीत, कारण मामींनी हसत कपाटातून सगळ्या फोटोंचे छापील अल्बम काढून दाखवले. बॅकअपचं मामींचं धोरण हे कुठल्याही आवृत्तीवर अवलंबून नाही.

किती दिवस यंत्र अखंड चाललं याचा आकडा, ज्याला अपटाइम म्हणतात, तो मिरवणं हा जगभरच्या स्टेबलवाल्यांचा आवडता छंद. पुण्यात त्याला मर्यादा आहे. गुरुवार हा विजेच्या देखभाल-दुरुस्तीचा वार. इन्व्हर्टर आहे, पण त्यावर आधी पंखा, मग मामींची मालिका, मग सर्व्हर, असा क्रम ठरलेला आहे. त्यामुळे मामांचं यंत्र कितीही स्थिर असलं, तरी त्याचा अपटाइम सात दिवसांच्या पुढे सहसा जात नाही. यावर भाचा हसतो. मामा म्हणतात, "दर आठवड्याला बंद होऊन बिनतक्रार परत चालू होतं, हीच त्याची परीक्षा." दोन हजार तेवीस सालचं बुकवर्म हे डेबियन १२ त्यांनी असंच दर गुरुवारी पास केलं.

मग डेबियन १३, म्हणजे ट्रिक्सी, ९ ऑगस्ट २०२५ ला आली. तो दिवस नेमका नारळी पौर्णिमेचा. मामांची बहीण राखी बांधायला आली आणि बरोबर भाचा, खिशात पेन ड्राइव्ह घेऊन. नारळीभाताचा पहिला घास होतो न होतो तोच तो म्हणाला, "मामा, आज ट्रिक्सी येतेय."

"येऊ दे. ताट झालं की हात धू."

"आजच टाकूया. स्टेबल झालीये आता. तुझीच भाषा."

मामांनी भाच्याकडे बघितलं. "स्टेबल आज झाली. माझ्यासाठी स्टेबल .१ आल्यावर होते."

हा मामांचा खास स्वतःचा टप्पा. डेबियनवाले स्टेबल बाहेर काढल्यावर दर दोनेक महिन्यांनी साचलेल्या दुरुस्त्या एकत्र करून १३.१, १३.२ असे हप्ते देतात. दोन वर्षं हजारो माणसांनी पारखलेल्या गोष्टीलाही महिनाभर आणखी मुरू द्यायचं, तेव्हा कुठे ती नारायण पेठेत यायला लायक होते. भाच्याने त्या महिन्यात मामांना २०३८ ची भीती घालून पाहिली. जुन्या ३२ बिटी यंत्रांतलं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला भारतीय वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपणार, त्यावर ट्रिक्सीत तोडगा आहे, वगैरे. त्या तोडग्यासाठी शेकडो लायब्रऱ्यांची नावं बदलताना २०२४ च्या सुरुवातीला सिड काही आठवडे नुसतं लंगडत होतं, हे भाच्याने सांगितलं नाही. मामांनी कॅलेंडर न बघता सांगितलं, "मंगळवार पडतो. आणि आपला डबा ६४ बिटी आहे." मी घरी येऊन तपासलं. मंगळवारच पडतो.

गणपती आले. केळकर रस्त्यावर ढोल-ताशांची पथकं सराव संपवून प्रत्यक्ष उतरली की आमच्या इमारतीच्या काचा आपापल्या तालावर बोलू लागतात. इथे भाच्याने एक खरंच उपयोगी गोष्ट काढली. २००८ साली सन मायक्रोसिस्टिम्सचा ब्रेंडन ग्रेग नावाचा इंजिनिअर डिस्कांच्या कपाटासमोर उभा राहून नुसता ओरडला, आणि डिस्कांचा वेग घसरल्याचं आलेखावर दाखवलं. फिरणाऱ्या डिस्कला कंपनं सोसत नाहीत. एका माणसाच्या ओरडण्याने एवढं होतं, तर पन्नास ढोल आणि वीस ताशांनी काय होईल, याचं गणित करायला मामांना पंचांग लागलं नाही. अनंत चतुर्दशीला सकाळी त्यांनी विधिवत यंत्र बंद केलं, रुमाल नीट पसरला आणि गॅलरीत खुर्ची टाकून बसले.

ती अनंत चतुर्दशी म्हणजे ६ सप्टेंबर २०२५. त्याच दिवशी १३.१ आली. जगभरचे काळजीवाहू मामा आपापल्या यंत्रांवर ती उतरवून घेत असताना, जिची महिनाभर वाट पाहिली ती आवृत्ती आमच्याकडे दारात येऊन उभी, आणि घरात ढोल. मिरवणूक दुसऱ्या दिवशीपर्यंत चालली. भाचा तोवर अस्वस्थ होऊन दोनदा फळीपर्यंत जाऊन आला.

पुढच्या रविवारी अपग्रेड झालं. मामांनी रिलीज नोट्स छापून काढल्या होत्या. त्यांत ‘वापरकर्त्यांना आधी कळवा’ असा एक भाग आहे, त्यानुसार फ्रिजवर सूचना लावली होती. मामींनी तिच्याखाली दुधाचा हिशेब लिहिला. बॅकअप झाला, बॅकअप उघडून पाहिला गेला, मग मामांनी एकेक आज्ञा आधी मोठ्याने वाचून मग टंकली. भाचा शेजारी बसून, कुठे काही अडकलं तर सोडवायला बाह्या सरसावून तयार. पडद्यावरून हजारेक ओळी सरकल्या, दोन प्रश्न आले, दोन्हींना मामांनी ‘जुनंच ठेवा’ असं उत्तर दिलं, यंत्र बंद होऊन चालू झालं. फोटो जागेवर, गाणी जागेवर, जाहिराती बंद. काहीच मोडलं नाही. भाच्याचा इतका हिरमोड झालेला मी त्याच्या दहावीच्या निकालालाही पाहिला नव्हता.

चहा आला. मामा पेला उचलतायत तेवढ्यात भाचा फोनमधून डोकं वर काढून म्हणाला, "मामा, पुढची फॉर्की. टेस्टिंगमध्ये आली पण."

"छान आहे," मामा म्हणाले. "दोन वर्षं तुझ्याकडे नांदू दे तिला आधी."